दोन मूर्ती, रायपूर

नर्मदा परिक्रमेत पहाट होते ती प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या आवाजाने. कोंबडा, काकड आरती, आश्रमातल्या महाराजांचा खोकला हे सगळे नंतरचे. चारच्या सुमाराला अंधारात एका कोपऱ्यातून बारीक चुरचुर येते, थांबते, आपण हुश्श करून कूस बदलतो, तोच दुसऱ्या कोपऱ्यातून तिला उत्तर जातं. मग अख्खी धर्मशाळा बोलू लागते.

प्रत्येक परिक्रमावासी एकेक वस्तू वेगळ्या पिशवीत बांधतो, कारण दव पडतं, आणि कारण कुठल्या तरी पुस्तकात तसं लिहिलेलं असतं. मंजनाची पिशवी, गोळ्यांची पिशवी, सुक्या बनियनची, ओल्या बनियनची, आणि पुढेमागे लागतील म्हणून जपलेल्या रिकाम्या पिशव्यांची एक पिशवी. या जमातीत सर्वांत घातक म्हणजे सौजन्यशील माणूस. दुसऱ्याची झोपमोड नको म्हणून तो गाठ तसूतसूने सोडवतो. आडदांड माणूस खर्रकन पिशवी फाडतो, आपण मनात एक शिवी हासडतो आणि पुन्हा झोपतो. सौजन्य मात्र पाऊण तास चालतं. त्याच्या खालोखाल संशयी. याचं सगळं भरून, दोऱ्या आवळून, सॅक पाठीवर चढलेली असते. दारापर्यंत जातो आणि थबकतो. चष्मा कुठाय? सॅक खाली. सगळ्या पिशव्या पहिल्यापासून उघडतात. चष्मा डोळ्यांवर असतो. नरसिंहपूरकडच्या एका मुक्कामी एका सद्गृहस्थांनी अंधारात शेजाऱ्याची पिशवी उघडून त्यातलं हिंग्वाष्टक चूर्ण मंजन म्हणून दातांना घासलं, आणि दिवसभर नर्मदा मैय्याच्या पाण्याच्या पाचक गुणांवर बोलत राहिले.

मी निघताना तात्यापाऱ्यातल्या शिंप्याकडून कापडी पिशव्या शिवून घेतल्या होत्या. बिलकुल आवाज नाही. या सुसंस्कृतपणाची चारचौघांत दखल घेतली जाईल अशी माझी कल्पना. पण न झालेला आवाज कुणाच्याच कानावर पडत नाही. शेवटी दर मुक्कामी मला तोंडानेच सांगावं लागे की बघा, आमच्या पिशव्या कापडी आहेत. ताई म्हणाली, "पिशव्या नाही वाजत रे, पण तू किती वाजून राहिला आहेस!"

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. निवृत्त शिक्षिका, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. मी तिला परिक्रमेला घेऊन चाललोय असा माझा समज होता आणि तो मी रायपूरभर पसरवलाही होता. आश्रमाच्या दारात गेलं की आतून विचारतात, "कितने मूर्ति?" परिक्रमेत आपण माणूस नसतो, मूर्ती असतो. मला हे फार आवडलं. उभी हयात बँकेच्या काउंटरमागे गेली, तिथे कुणी मला मूर्ती म्हटलं नव्हतं. म्हटलं असेल तर वेगळ्या अर्थाने. "दो मूर्ति!" मी छाती काढून सांगायचो. मग ताईला "आओ माताराम, आसन लगाओ" म्हणून घोंगडीवर बसवलं जाई आणि मला विहिरीची दिशा दाखवली जाई.

रायपूर हे सपाट गाव. आमच्याकडे चढ म्हणजे रेल्वेचा ओव्हरब्रिज. त्यामुळे सराव म्हणून भरलेली सॅक पाठीवर घेऊन मी रोज सकाळी बूढ़ा तालाबाला फेऱ्या घालायचो आणि सप्रे शाळेच्या मैदानावरचे फिरायला येणारे लोक घरात भांडण झालं का म्हणून चौकशी करायचे. महाराष्ट्रातली मंडळी बहुधा ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलतात. आम्हाला अमरकंटक जवळ. कार्तिकी एकादशी झाली, चातुर्मास सुटला, की गाडीने पेंड्रा रोड आणि तिथून मैकल डोंगरावर, समुद्रसपाटीपासून हजारेक मीटर. तिथे संकल्प सोडायचा, एका छोट्या बाटलीत नर्मदेचं पाणी घ्यायचं, नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ती कुठेही ओलांडायची नाही. नदीची लांबी १३१२ किलोमीटर. जाऊन यायचं म्हणजे दुप्पट, शिवाय वळसे. बाटलीतलं पाणी रोजच्या स्नानाला बदलायचं, सकाळ-संध्याकाळ तिची पूजा करायची. ताईची बाटली खोकल्याच्या औषधाची होती. लेबल पुरतं निघालं नव्हतं, म्हणून सुरुवातीला आमची पूजा 'झोपताना दोन चमचे' या सूचनेसमोर होत असे.

पुण्याकडची मंडळी जागोजाग भेटत. "रायपूरचे? पण मराठी कसं काय?" हा प्रश्न ठरलेला. मग मी १७४१ पासून सुरुवात करायचो. भोसल्यांचा भास्करपंत रतनपूरवर कसा चालून आला, पुढे बिंबाजी भोसले रतनपुरात कसे राहिले, १९०० साली माधवराव सप्र्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' कसं काढलं, टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत कसं नेलं. बिंबाजीपर्यंत निम्मे घोरू लागत. सप्र्यांपर्यंत फक्त ताई जागी असे, तीही गुडघ्यांमुळे.

परिक्रमेत दाढी करायची नाही. या नियमासाठी मी आयुष्यभर थांबलो होतो असं म्हणायला हरकत नाही. होशंगाबाद (आता नर्मदापुरम) येईतो ती छातीकडे निघाली होती आणि बरोबर मध्यभागी पांढरी होती, ऋषींची असते तशी. आश्रमांत आरसा नसतो. पण वाटेत मोटारसायकली उभ्या असतात. दिसली मोटारसायकल की मी बुटाची नाडी बांधायला वाकायचो. "नाड्या फार सुटून राहिल्या तुझ्या," ताई म्हणायची. तिच्या पायांत चपला होत्या.

दाढीचा संबंध पुस्तकाशी होता. मराठी माणूस परिक्रमा दोनदा करतो, एकदा पायांनी आणि एकदा प्रकाशकाच्या दारात. गोनीदांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'पासून जगन्नाथ कुंट्यांपर्यंत एवढं लिहिलं गेलंय की आता काठावर एखादा दगड न वर्णिलेला सापडणं कठीण. जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर निघाले, तुकड्यातुकड्यांनी चालले, आणि त्यांच्या गुजराती पुस्तकाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वयात मी त्यांना आधीच मागे टाकलं होतं. आता फक्त पुस्तक राहिलं होतं. चालताना मी वाक्यं जुळवायचो, मुखपृष्ठावरचा माझा फोटो ठरवायचो. डावीकडून.

अडचण एकच. पुस्तकाला 'अनुभव' लागतो. परतलेल्याला लोक पाय दुखले का विचारत नाहीत, आवाज खाली आणून "काही अनुभव आला का?" विचारतात. तो कसा येतो हे आपल्याकडे सर्वांना पाठ आहे. भर दुपारी वाट चुकते, पाणी संपतं, झाडाआडून एक छोटी मुलगी नाहीतर म्हातारी येते, वाट दाखवते, आणि मागे वळून पाहावं तर तिथे कुणीच नाही. मी प्रत्येक म्हातारीनंतर मागे वळून पाहिलं. सगळ्या तिथेच होत्या. एक तर ओरडून सांगत होती की बाबाजी, तुमचा पंचा पडला.

पण खरं सांगायचं तर मला राग येतो तो इथेच. नर्मदेच्या काठाने तुम्हाला जेवू घालतात ती बहुतेक वेळा ज्यांच्या घरात वर्षभराचं धान्य नाही अशी माणसं. डिंडोरी जिल्ह्यातल्या गोंडांच्या पाड्यांत दुधाचा पत्ता नसतो, पण काळा चहा पुढे आल्याशिवाय पाऊल उचलू देत नाहीत. बडवानीच्या बाजूला तर जुनी काठाकाठाची वाटच पाण्याखाली आहे. सरदार सरोवर २०१९ मध्ये पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत, म्हणजे काठोकाठ भरलं आणि घरं, शेतं, देवळं, केळीच्या बागा आत गेल्या. त्या भागात वर सरकवलेल्या एका वसाहतीत एका बाईने आम्हाला हाक मारली. भिंती पत्र्याच्या, पण दार सागवानी, कोरीव, दोन पुरुष उंचीचं. गाव बुडालं तेव्हा सोडवून आणलेलं. ते पत्र्याच्या भिंतीत मावत नव्हतं, म्हणून नुसतं टेकवून ठेवलं होतं. माणसं शेजारच्या फटीतून आतबाहेर करत. तिने ज्वारीच्या भाकरी थापल्या, अंबाडीची भाजी वाढली. नदीने एवढं नेल्यावरही नदीच्या नावाने आलेल्यांना कशी वाढतेस, असं मी विचारलं. ती म्हणाली, नदीने कुठे नेलं? नदी तर होती तिथेच होती. आणि मला आणखी एक भाकरी घातली.

आता या बाईला पुस्तकात 'साक्षात मैय्या' करायचं म्हणजे काय? पीठ तिचं, सरपण तिचं, चुलीचा धूर तिच्या डोळ्यांत, आणि श्रेय देवीला. म्हणजे ज्याला नुकसानभरपाई मिळाली नाही त्याची भाकरीही आपण दुसऱ्याच्या खात्यावर जमा करायची. बँकेत असं केलं असतं तर निलंबित झालो असतो.

रात्री मी वहीत या प्रसंगावर तीन उत्तम वाक्यं लिहिली. ताईही तिच्या वहीत काहीतरी लिहीत होती. ती रोजच लिहायची. मला वाटायचं, औषधांचा हिशेब असेल.

पुढे शूलपाणीची झाडी झाली, समुद्र झाला. विमलेश्वरला भरतीची वाट बघत बसलो आणि बोटीतून पलीकडे मीठी तलाईला उतरलो. बोटीत सगळ्यांनी एकदम पिशव्या उघडल्या, कारण उलटीला तेवढंच साधन होतं. कापडी पिशव्यांचा प्रचार मी त्या दिवशी स्थगित केला. उत्तर तटाने अमरकंटक गाठलं, समाप्तीच्या प्रसादाची कढाई केली, कन्या जेवू घातल्या आणि घरी आलो. दाढी ठेवली होती.

रायपूरच्या आमच्या मराठी मंडळात माझं व्याख्यान ठेवलं. हॉल बऱ्यापैकी भरला होता. अपेक्षेप्रमाणे पहिल्या रांगेतल्या एका काकांनी आवाज खाली आणून विचारलं, "काही अनुभव?" मी त्या वसाहतीतल्या बाईची हकीकत सांगितली, दारासकट. ती माणूसच होती हे मी नीट, ठासून सांगितलं. काकांचे डोळे भरून आले. हात जोडून ते म्हणाले, "अहो, ती मैय्याच हो! तुम्ही ओळखलं नाहीत!" सगळ्या हॉलने माना डोलावल्या. शेवटच्या रांगेतून तर "नर्मदे हर" झालं.

तेव्हा तिसऱ्या रांगेत ताई गुडघ्यांवर हात टेकून उठली. पिशवीतून, प्लॅस्टिकच्या, चांगली चुरचुर करत वही काढली, चष्मा लावला आणि पान शोधून वाचायला लागली. त्या बाईचं नाव वाचलं. नवऱ्याचं, बुडालेल्या गावाचं, वसाहतीतल्या घराचा नंबर. "भाकरी पाच, भाजी, कांदा. तिचा उजवा हात दुखावलेला, म्हणून हापशावरून पाणी मी आणून दिलं, तीन बादल्या." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुढची ओळही वाचून टाकली. "हा तेव्हा बाहेर मोटारसायकलजवळ नाडी बांधत होता."