लिथियम जावईबापू
अमेरिकेतल्या मोटरहोमवाल्यांना हिवाळ्यात ॲरिझोनाच्या वाळवंटात निसर्गाच्या कुशीत राहायचं असतं, अर्थात मायक्रोवेव्हसकट. म्हणून शिशाची बॅटरी जाऊन लिथियमची येते. 100 अँपिअर-तासांची जुनी जवळपास 30 किलोंची, निम्मी वापरली की धापा टाकायची. नवी साधारण 12 किलोंची, जवळजवळ पूर्ण रिकामी होईपर्यंत राबते. पण मानपान जावयाचा! जुना चार्जर रुचत नाही. इंजिनाच्या अल्टरनेटरकडून एवढं ओरपते की तो तापतो. मग मध्ये डीसी-डीसी चार्जर बसवा. शून्य अंशाखाली चार्जिंग वर्ज्य, म्हणून बाहेरच्या पेटीतून उचलून पलंगाखाली उबेला ठेवा. शेजारचे आजोबा जुन्याच बॅटरीवर रेडिओ ऐकत हे पाहत असतात.