वीतभर जास्त

इंद्रलोकात राहतो असं सांगितलं की बाहेरगावची माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "खरंच असं नाव आहे?" आहे. भाईंदर पूर्वेला आहे. अप्सरा नाहीत, नंदनवन नाही. पारिजातक आहे, आमच्या सोसायटीच्या गेटपाशी, तोही वॉचमनने चहाच्या कपबश्या विसळलेलं पाणी घालून जगवलेला. उणीव होती ती फक्त ऐरावताची. तो माझ्या भाच्याने आणला.

भाचा पाडकामाची कंत्राटं घेतो. आमच्या समोरची चार मजली इमारत पुनर्विकासाला गेली, तिचं काम त्याला मिळालं. त्याच्याकडे सेकंडहँड पोकलेन आहे, वीस टनांचं. ते एका साइटवरून दुसऱ्या साइटवर न्यायला दर खेपेला भाड्याचा ट्रेलर लागतो. "भाडं भरून भरून कंटाळलो मामा, आता स्वतःचाच घेतो. तेवढं कायद्याचं तुम्ही बघा."

मी तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. त्यामुळे कायद्याची भाषा मला कळते, असा आमच्या नातेवाइकांत समज आहे. तो मी कधी खोडून काढलेला नाही. हिने मात्र स्वयंपाकघरातून ऐकवलं, "अरे, ह्यांना आपली वॅगनआर पार्किंगमधून काढता येत नाही. वॉचमन काढून देतो." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि १९८८ चा मोटार वाहन कायदा वाचायला घेतला.

आधी एक खुलासा. पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. आपण त्याचं पोकलेन, पोकलँड असं जमेल ते केलं आणि कुठल्याही कंपनीच्या यंत्राला चिकटवलं. जेसीबीचंही तेच. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थाची ती आद्याक्षरं; आज त्याच्या नावाने आपल्याकडे गणपतीच्या विसर्जनापासून गुलाल उधळण्यापर्यंत सगळं होतं. पण दोघांत फरक आहे. जेसीबीला टायर असतात. तो नंबरप्लेट लावून रस्त्याने स्वतःच्या चाकांनी जातो. नियमांत त्याचं नाव 'बांधकाम उपकरण वाहन', आणि रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरच्या वर जाऊ नये ही त्याची मर्यादा. पोकलेनला चेन असते. ती डांबरावरून चालली की रस्त्याचा शिरा होतो. म्हणून त्याला पालखीत बसवून न्यावं लागतं. ही पालखी म्हणजे ट्रेलर.

पालखी निवडायची कशी? मी म्हटलं, वजन बघून. भाचा म्हणाला, "वजनाआधी हाइट, मामा." बूम दुमडलं तरी मशीन तीनेक मीटर उंच. साध्या ट्रेलरची फळी जमिनीपासून दीड मीटरवर. बेरीज साडेचार. आता आमच्या गल्लीत साडेचार मीटरवर काय काय लटकतं ते बघा : चार कंपन्यांच्या इंटरनेट वायरी, गेल्या वर्षीच्या दहीहंडीचा दोर आणि भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फलक. वायरी तुटल्या तर माणसं शिव्या देतील, फलक फाटला तर काय देतील सांगता येत नाही. म्हणून लो-बेड. त्याची फळी मीटरभरापेक्षाही खाली असते, बेरीज चारच्या आत येते आणि भावी नगरसेवक शाबूत राहतात.

उंची सुटली तर रुंदी अडली. केंद्रीय नियमांनुसार वाहनाची रुंदी २.६ मीटर. वीस टनी पोकलेनच्या चेनची बाहेरून बाहेर रुंदी साधारण २.८. म्हणजे मशीन दोन्हीकडून मिळून वीस सेंटिमीटर बाहेर. मी टेबलावर हात पसरून मोजलं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, बरोबर वीत. या एका वितीसाठी वेगळी परवानगी, लाल झेंडे, रात्रीचा प्रवास. भाच्याला मी गंभीरपणे समजावलं. तो म्हणाला, "मग काय मशीन सोलून आणू?"

वजनाचं प्रकरण याहून गमतीचं. १६ जुलै २०१८ ला सरकारने अॅक्सलची मर्यादा वाढवली. चार टायरच्या एकेरी अॅक्सलला १०.२ टनांऐवजी ११.५. पण मर्यादा ओलांडली तर दंड वीस हजार, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. आणि जादा माल तिथेच उतरवून ठेवायचा. वाळू असेल तर ठीक आहे. पोकलेनचे जादाचे दोन टन कुठून उतरवणार? पुढची बकेट काढून ठेवली तरी जेमतेम टनभर कमी होईल, आणि राहिलेल्या टनासाठी ऑपरेटरचा डबा काढून भागणार नाही.

शेवटी एका यार्डात स्वस्तातला लो-बेड सापडला. मी फाइल घेऊन गेलो. ट्रेलरला इंजिन नसलं तरी कायद्याने तो स्वतंत्र वाहन आहे. पुढे त्याला ओढणाऱ्या पुलरचा नंबर वेगळा, याचा वेगळा, विमा वेगळा, फिटनेस वेगळा. लग्न झालं तरी दोघांची आधार कार्डं वेगळी, तसं. मी आरसी बघितली, चॅसी नंबर ताडून बघितला, बापाच्या थाटात मान डोलावली. भाच्याचा ड्रायव्हर, पाथर्डीकडचा माणूस, तोवर ट्रेलरच्या पुढच्या टोकाखाली पाठीवर पडून होता. बाहेर आला तेव्हा हात ग्रीसने काळे.

"काका, किंगपिन साडेतीनची आहे."

मी म्हटलं, "बरं."

"आपल्या पुलरचं फिफ्थ व्हील दोन इंचाचं."

ट्रेलर पुलरला ज्या खुंटीने अडकतो ती खुंटी किंगपिन, आणि ती ज्यात अडकते ते फिफ्थ व्हील. खुंटी साडेतीन इंचाची आणि भोक दोन इंचाचं. यार्डवाला म्हणाला, "बसतं साहेब, सगळं बसतं." अशी स्थळं मी लग्नाच्या बाजारात पाहिलेली आहेत. पुढे मग फिफ्थ व्हील बदलावं लागलं आणि स्वस्तातला ट्रेलर स्वस्त राहिला नाही. माझ्या फाइलमध्ये किंगपिनचा उल्लेखही नव्हता.

मला भाव मिळाला तो लायसनच्या विषयात. माझ्या लायसनवर एलएमव्ही आहे, हलकं मोटार वाहन. हलकं म्हणजे किती हलकं? साडेसात हजार किलोपर्यंत! ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला की एलएमव्ही लायसनवाला साडेसात टनांच्या आतलं व्यापारी वाहनही चालवू शकतो, त्यासाठी लायसनवर वेगळी नोंद लागत नाही. विमा कंपन्यांचं म्हणणं उलटं होतं. मी ही बातमी जेवताना मोठ्याने वाचली. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मला टेम्पो दिला होता. ही म्हणाली, "आधी भाजी घ्या."

ट्रेलरला अर्थात हेवी लायसन लागतं. वय वीस पूर्ण हवं. २०१९ पर्यंत व्यापारी वाहनाच्या ड्रायव्हरला आठवी पासची अटही होती, ती काढून टाकली. माझं बीकॉम तसंही उपयोगी पडणार नव्हतं.

मशीन आलं ते रात्री दोन वाजता. काशीमिऱ्याकडून पिवळा दिवा फिरवत, श्वास टाकत. पुढे क्लीनर बांबूने वायरी उचलत चाललेला. गॅलऱ्यांमध्ये माणसं, कुणी तक्रारीसाठी उठलेलं, पण मोबाइल काढून शूटिंग करत असलेलं. चेनखाली जुने टायर टाकून पोकलेन काँक्रीटवर उतरलं. रस्त्यावर ओरखडा नाही. मी बनियनवर खाली उभा राहून "बास, बास" म्हणत होतो. कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं.

मग रिकामा ट्रेलर वळेना. कोपऱ्यावर एक पांढरी कार आडवी येत होती.

"कुणाची आहे ही?" ड्रायव्हरने विचारलं.

वॉचमन माझ्याकडे बघून गप्प राहिला. इमानी माणूस. मीच चावी आणली. बसलो. पुढे स्कूटर, मागे गटाराचं झाकण, वर तीन मजल्यांवरून प्रेक्षक. दोनदा पुढे, तीनदा मागे. गाडी होती तिथेच, फक्त तिरकी झाली. ड्रायव्हरने खिडकीवर टकटक केलं. "उतरता का काका?"

उतरता उतरता माझ्यातला आवक-जावक जागा झाला. "तुमच्या लायसनवर कार आहे ना?"

"त्याच्याशिवाय हेवी मिळतच नाही काका. आधी वर्षभर हलकी, मग जड." हे कलमही मी वाचलं होतं, सातवं. आठवलं मात्र त्याने सांगितल्यावर.

त्याने एका हाताने स्टिअरिंग फिरवलं, मान वळवली नाही, आणि गाडी भिंतीला लावून टाकली. खाली उतरून भिंत आणि आरसा यांच्यामध्ये त्याने ग्रीसचा पंजा पसरला.

"वीतभर आहे," तो म्हणाला आणि ट्रेलरकडे गेला.