नंदीबैल आणि ढालकिडा

आमच्या तात्यांना मान डोलावता येते. साधी गोष्ट वाटेल, पण तिच्यामागे साठ वर्षांचा रियाज आहे. पूर्वी गावात सरकारी जीप यायची, पारावर सतरंजी पडायची, साहेब हेक्टरी किलोंत बोलायचे आणि तात्या एकरी पोत्यांत ऐकायचे. ऐकताना मान अशी हलायची, की दारावरच्या नंदीबैलानं त्यांच्याकडे शिकवणी लावावी. शिफारशीप्रमाणे खत टाकाल ना? डुलली. वेळेवर फवाराल ना? पुन्हा डुलली. साहेब वहीत काहीतरी टिपून घेत, जीप धुळीत विरून जाई आणि तात्या धोतर झटकून, त्यांच्या वडिलांनी जे केलं तेच करायला वावराकडे निघत. त्या डुलण्यात होकार कधीच नव्हता. उन्हातान्हातून आलेल्या पाहुण्याचं मन मोडू नये, एवढीच माया होती.

तिकडे इंडोनेशियात फवारणीनं भातातले कोळी मेले आणि तपकिरी तुडतुडे माजले, तेव्हा 1986 साली सरकारनं भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली. मग 1989पासून तिथले शेतकरी बांधावर बसून किडे मोजू लागले. ती शेतीशाळा. भिंती नाहीत, घंटा नाही, पीक निघालं की सुट्टी. फिरत फिरत ती आमच्या कपाशीतही येऊन बसली.

शिकवायला आली कृषी सहायक ताई, तात्यांच्या नातीच्या वयाची. तिची खोड एकच. सांगण्याऐवजी विचारायची. "तात्या, पानाखाली काय दिसतंय?" आता या प्रश्नाला मान डोलावून कसं भागणार? तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा चष्मा पुसून पान उलटलं. मगरीचं पिल्लू मुंगीएवढं करून ठेवावं तशी काळपट, नारिंगी ठिपक्यांची अळी होती. असल्या अळ्या तात्यांनी जन्मभर नखावर चिरडल्या होत्या. ताईनं ती काचेच्या बाटलीत सोडली, सोबत माव्यानं भरलेली डहाळी. शेळीनं बाभळीच्या शेंगा खाव्यात तशी अळी मावा खात सुटली. ही ढालकिड्याची अळी, ताई म्हणाली. तात्या बराच वेळ बाटलीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे आम्ही राखणदारच मारत होतो की गं."

पाहिलं ते कागदावर काढायचं, हा शाळेचा नियम. नांगराचं रुमणं धरलेल्या बोटांत खडू काही केल्या बसेना; तरी तात्यांनी मांडी ठोकून चित्र काढलं. कपाशी करंगळीएवढी आणि तिच्यावर लिंबाएवढा लालभडक ढालकिडा.

"एवढा मोठा?" ताईनं विचारलं.

"बिनपगारी राबतो. लहान कसा काढू?"

तो कागद आमच्या ओसरीवर, फवारणीच्या पंपाशेजारच्या खिळ्याला टांगलाय. यंदा भिंतीला ओल आली आणि लाल रंग उतरून ढालकिडा गुलाबी झाला. नवा काढा म्हटलं, तर तात्यांनी चक्क नाही म्हणून मान हलवली. पाठीवर ठिपके किती असतात, ते आधी वावरात जाऊन मोजून येतो म्हणाले.