बंद करू नये

आयटीत नोकरी, बाल्कनीत सुतारकाम आणि खणात रास्पबेरी पायच्या तीन पिढ्या बाळगणारा गृहस्थ प्रत्येक सोसायटीत एक तरी असतोच. त्याला गॅजेटांची हौस आहे, असा सगळ्यांचा समज असतो. तो चूक आहे. त्याला हौस असते ती न संपणाऱ्या कामाची. त्याचा स्मार्ट बल्ब घ्या. बल्ब मोबाइलचा हुकूम ऐकतो खरा, पण त्यासाठी भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं. सासूबाई झोपताना सवयीने ते बंद करतात आणि बल्ब बहिरा होतो. मग लेबल छापायचं यंत्र निघतं आणि बटणावर पट्टी चिकटते : 'बंद करू नये'. सासूबाई पट्ट्यांना जुमानत नाहीत. म्हणून बटणावर सागवानी झाकण करायचं ठरतं आणि इथून सुतारकाम सुरू होतं. झाकण वीतभर. त्यासाठी शतांश मिलिमीटर दाखवणारा डिजिटल व्हर्निअर येतो, कोन चुकू नये म्हणून जिग बनते, जिगसाठी टेबल सॉ आणि भुशासाठी व्हॅक्यूम. (व्हॅक्यूमच्या प्लगवरही पट्टी.) मे महिन्यात घट्ट बसवलेलं झाकण जुलैत उघडत नाही, कारण लाकूड ओल धरतं आणि रेषांच्या आडवं फुगतं. सुताराने नखभर फट सोडली असती. आपला गृहस्थ ओलावा मोजायचं मीटर मागवतो. बटण मात्र आता खरोखरच बंद करता येत नाही.

ऑफिसात तरी कामं संपत असतील, असं कोणी म्हणेल. पण तिथे पहिल्या नव्वद टक्के कोडला नव्वद टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या दहा टक्क्यांना आणखी नव्वद. बेल लॅब्जच्या टॉम कारगिल यांचा हा नियम 1985 साली छापून आला, आणि आजही तो कोणी मोडलेला नाही. शिवाय कोपऱ्यात एक जुनाट कॉम्प्युटर घरघरत असतो. त्यावर काय चालतं ते कोणालाच ठाऊक नसतं, पण पट्टी असतेच आणि ती सगळे पाळतात.

हौसेपायी पैसे घालवण्यापेक्षा सुतार बोलवावा, विकतचं आणावं, हा घरच्यांचा आक्षेप हिशोबाने बिनतोड आहे. फक्त विकतच्या वस्तू आता उघडायच्या राहिलेल्या नाहीत. आयफोन 4 ला पाच पाकळ्यांचा स्क्रू आला, तेव्हा घरोघरचे स्क्रूड्रायव्हर निकामी झाले. याच्या पेटीत मात्र त्याचा पाना होता. शेजारच्या मिक्सरचा कार्बन ब्रश झिजला की दुकानदार नवा मिक्सर दाखवतो. हा जुनाच आडवा पाडतो, काळा पडलेला पेरभर तुकडा उपसतो, नवा बसवतो, बोटाने मोटर फिरवून कान लावतो. मिक्सर त्याच संध्याकाळी परत. मग घरच्याच कामाचं घोडं कुठे अडतं, हा प्रश्न उरतो. शेजारणीला सकाळी चटणी वाटायची असते. घरचे कुठे जातात!