पायात शी

वटारला चढ म्हणावा असा एकच, रस्त्यावरचा गतिरोधक. उतारही तोच. डिसेंबरात पहाटे वाडीत जरा गारठा पडला की ट्रंकेतल्या कानटोप्या बाहेर येतात, आणि बर्फ बघायचाच असेल तर अर्नाळ्याच्या बंदरावर जावं लागतं. तिथे तो पापलेटाच्या अंगाखाली असतो. अशा गावात माझा भाचा औलीहून स्कीइंग शिकून आला. तेव्हापासून तो घरोघरी जाऊन मोबाइलवर स्वतःला पडताना दाखवतोय. बायका 'अगोबाई' म्हणतात. पुरुष खर्च किती आला ते विचारतात.

'स्की' हा शब्द तो फार जपून उच्चारतो, इस्त्री मोडेल अशा बेताने. मला शब्दांची सालं काढायची खोड. काढली, तर आत निघाली ढलपी! जुन्या नॉर्स भाषेत 'स्कीद' म्हणजे फोडलेलं लाकूड. पायाला बांधून घसरायच्या पट्ट्या लाकूड उभं चिरूनच काढत, म्हणून त्यांनाही तेच नाव पडलं. नॉर्वेत चिरलेल्या ओंडक्यांच्या कुंपणाच्या नावातही हाच 'स्की' अजून आहे. आमच्या वाडीची अर्धी वई त्या हिशेबाने हिवाळी क्रीडासाहित्यात मोडते.

खरी गंमत उच्चारात आहे. नॉर्वेजियन लोक 'स्की' लिहितात आणि 'शी' म्हणतात. जर्मनही 'शी'च म्हणतात. एवढ्या शिस्तीच्या, गंभीर चेहऱ्याच्या माणसांनी हिवाळा आला रे आला की सहकुटुंब शी घेऊन डोंगरावर निघावं, हे मराठी कानांना सोसत नाही. त्यांच्यात तर अभिमानाने म्हणतात, की नॉर्वेजियन माणूस पायात शी घेऊनच जन्माला येतो. आपल्याकडे असं बाळ जन्मलं तर सुईण आधी गरम पाणी मागेल. १८८८ साली त्यांचाच फ्रित्यॉफ नान्सेन पाच सोबत्यांसह शी बांधून अख्खं ग्रीनलँड ओलांडून गेला आणि युरोपभर या प्रकाराचं कौतुक झालं. इंग्रजांतही पूर्वी काही जण 'शी' म्हणत, पण शेवटी 'स्की' टिकलं. इंग्रजांचे आपल्यावर जे थोडे उपकार आहेत त्यांत हा मी धरतो.

भाषेचे अभ्यासक आणखी खोल जातात. ते या ढलपीचं मूळ 'कापणे, चिरणे' या अर्थाच्या एका प्राचीन धातूत शोधतात, आणि संस्कृतातला 'छिद्' त्याच घराण्यातला. म्हणजे छेद, छिद्र, छिन्नविच्छिन्न ही सगळी स्कीची आपल्याकडची भावंडं. भाच्याचा घसरतानाचा व्हिडिओ पाहिला तर तिसऱ्या भावंडाशी नातं पटकन पटतं. इंग्रजीत ऊठसूट तोंडी येणारी एक शिवी, जिचा अर्थ मराठीत अगदी लहान मुलंही 'शी' असाच सांगतील, तीही याच मुळाची: शरीरापासून वेगळं झालेलं ते. नॉर्वेवाल्यांचा उच्चार ऐकून आपण उगाच हसतो असं नाही.

'स्लालोम', म्हणजे वळणं घेत उतरायची स्कीची शर्यत, हा शब्दही नॉर्वेवाल्यांचाच. उतरणीवरची पायवाट, इतकाच अर्थ. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकला भारताकडून एकटा आरिफ खान गेला, तो याच वाटेवरून वळणं घेत. तो गुलमर्गच्या बाजूचा, त्याच्या दारात उतार आहे. आम्ही पोफळीच्या गळालेल्या झावळीवर, तिच्या चामड्यासारख्या रुंद टोकावर बसायचो आणि शेंडा धरून दुसऱ्याने ओढायचं. उतार नसल्यामुळे आमच्या खेळात ओढणाऱ्याला फार महत्त्व होतं. बहुधा तो सगळ्यात धाकटा असे.

हे सगळं मी आत्याला ऐकवलं. नान्सेन, ग्रीनलँड, छिद् हे तिने सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं. मग अडकित्ता थांबवून विचारलं, "पण लाकूड कुठलं?"

"पूर्वी बर्चचं, पाइनचं. मग अमेरिकेतून हिकरी मागवायला लागले."

"आपल्यात आंब्याचं नको. पोखरतं."

"आत्या, इथे बर्फ कुठाय?"

"सागाचं जड होईल पोराला," ती भाच्याच्या पायांकडे बघत म्हणाली. "भेंडीचं घ्या. होडीला चालतं, पाण्यात कुजत नाही. बर्फ म्हणजे शेवटी पाणीच की. मागच्या कुंपणाशी एक भेंडी उगाच वाढलीय, सुताराला विचार कापून किती फळ्या निघतील. उरलं तर मला पाट करून घेईन."