नऊ गजरांची दुपार

भाचा हिंजवडीला असतो. मागच्या महिन्यात मोर्शीला आला, चार दिवस माझी दुपार न्याहाळली आणि निघताना म्हणाला, "मामा, तुमचा बारा ते पाच हा सगळा वेळ लीक होतोय."

आमच्याकडे कुलरची टाकी गळते, नळाची तोटी गळते, ऊन वाढलं की आंबिया बहाराची फळं गळतात. वेळही गळतो, हे नव्यानं कळलं.

त्यानं माझा फोन घेतला आणि एकामागून एक नऊ गजर लावले. प्रत्येकाला नाव दिलं. १२.४५ जेवण. १.१५ पॉवर नॅप. १.३५ उठणे. १.४५ फोकस. पुढे ब्रेक, पुन्हा फोकस, मग हायड्रेट. हायड्रेट म्हणजे पाणी पिणे. मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना, वऱ्हाडातल्या माणसाला पाणी प्यायची आठवण फोननं करून द्यायची! आठवा गजर 'आढावा' आणि नववा 'उद्याचं नियोजन'. एवढी शिस्त तर आमच्या शाळेच्या वेळापत्रकातही नव्हती, आणि तिथे निदान मधली सुट्टी होती.

पहिल्या दिवशी जेवून एक वाजता आडवा झालो. कुलरसमोर, सतरंजीवर, डाव्या कुशीवर. पाच मिनिटांत डोळा लागला. सव्वाला गजर वाजला आणि मी दचकून उठलो. पाहतो तर लिहिलेलं, 'पॉवर नॅप'. म्हणजे झोपेची वेळ झाली हे सांगायला फोननं मला झोपेतून उठवलं होतं. पुन्हा झोप लागायला वीस मिनिटं गेली. ती नीट लागली तेवढ्यात १.३५ चा वाजला. तो दाबला. पावणेदोनचाही दाबला. पुढचे कधी वाजले आणि कोणी दाबले, ते आठवत नाही. दाबणारं बोट माझंच होतं, एवढं नक्की. साडेचारला उठून पाहिलं, तर 'उद्याचं नियोजन' तेवढं शिल्लक होतं. ते केलं.

सौभाग्यवतींनी चहा ठेवता ठेवता विचारलं, "नऊ वेळा भोंगा वाजला. काम किती झालं?"

त्यांच्या स्वयंपाकघरात घड्याळ नाही. कुकरच्या शिट्ट्यांवर सगळं चालतं. वरणाला तीन, आलूला दोन. शिट्टी मोजताना त्या कुणाशी बोलत नाहीत, फोन घेत नाहीत. तिसरी झाली की कुठेही असल्या तरी हात गॅसच्या बटणावर जातो. त्यांना कुकर पुढे ढकलता येत नाही, कारण ढकलला तर वरण करपतं. माझा गजर ढकलला तर काहीच करपत नाही. सगळी गोम इथे आहे.

फोनच्या गजरात फिर्यादी, आरोपी आणि न्यायाधीश एकच. वाजवणारा मी, ऐकणारा मी, गप्प करणाराही मी. असा खटला कधी निकाली निघतो का?

शाळेत असं नव्हतं. शाळेसमोरच्या कडुनिंबाला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा तारेनं टांगलेला होता. शिपाईकाका लोखंडी कांब घेऊन यायचे, आधी एकदा वर्गांकडे बघायचे आणि मग ठोका. तो 'ठण्ण' दोन गल्ल्यांपलीकडे जायचा. त्या रुळाला स्नूझचं बटण नव्हतं. शिवाय तो सगळ्यांसाठी एकदम वाजायचा, त्यामुळे मी एकटा बसून राहिलो तर सगळ्या पोट्ट्यांना दिसायचं. गजराची निम्मी ताकद त्या दिसण्यात असते.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावनं हे ओळखलं. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा होतो. भोंगा झाला की घराघरातला टीव्ही बंद, मोबाइल बाजूला, पोरं पुस्तकं घेऊन बसतात. साडेआठला दुसरा भोंगा झाला की सुटका. दीड तासाची ही शिस्त भोंग्यानं लावली म्हणतात, पण मला वाटतं ती शेजाऱ्यानं लावली. भोंगा झाल्यावर आपल्या घरातून मालिकेचा आवाज आला तर पलीकडच्या ओट्यावर ऐकू जातो, ही भीती कुठल्या ॲपमध्ये मिळत नाही.

तिसऱ्या दिवशी आमचे शेजारी आले. संत्र्याचे कास्तकार. त्यांच्यासमोर माझा 'हायड्रेट' वाजला.

"काहून हो भाऊ, दुपारभर हे काय वाजत राह्यते? तुमच्या घरी कोनाचं लगन हाय काय?"

मी नऊ गजरांची योजना समजावली. त्यांनी शांतपणे ऐकली, पाणी प्यायले आणि खिशातून स्वतःचा फोन काढला. त्यात एकही गजर नव्हता.

"आमची लाईन कधी दिवसा, कधी रातच्यानं. घड्याय पाहून काय करता? मोटरले मोबाइल स्टार्टर बसवला. लाईन आली का तोच फोन करते."

कृषिपंपाच्या थ्री फेज विजेच्या पाळ्या असतात. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. संत्र्याचं झाड मात्र पाळी पाहून तहानत नाही. एप्रिल-मेमध्ये आंबियाची फळं बोराएवढी, सुपारीएवढी असतात. तेव्हा पाण्यात खंड पडला की झाडाखाली हिरवा सडा. म्हणून रात्री एक वाजता लाईन आली तर माणूस एक वाजता उठतो, बॅटरी आणि काठी घेऊन वावरात जातो, साप-विंचू पाहत ओलित करतो. पहाटे परततो आणि दुपारी झोपतो. त्याची दुपार पाहून कोणी पाहुणा म्हणत असेल, वऱ्हाडातले लोक आळशी, भरदिवसा घोरतात.

"तुमचे नऊ गजर," उठता उठता ते म्हणाले, "त्यातला एकही रातचा नाही ना? मग मजा हाय बावा."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात 'आढावा' वाजला.

आता थोडं सूर्याबद्दल, कारण भाच्याच्या वेळापत्रकात तो कुठेच नाही. भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर, मिर्झापूरच्या बाजूच्या रेषेवर चालतं. मोर्शी साधारण ७८ अंशांवर. एका अंशाला ४ मिनिटं धरली तर फरक १८ मिनिटांचा. म्हणजे घड्याळात बारा वाजतात तेव्हा आमच्या डोक्यावर सूर्य यायला अजून पाव तास असतो. मुंबईला तर हा फरक ३९ मिनिटांचा होता आणि तो तिला इतका लागला की १९०६ मध्ये देशाची प्रमाणवेळ आल्यावरही मुंबईची महापालिका १९५५ पर्यंत जुन्याच वेळेला चिकटून राहिली. मोर्शीला कोणी विचारलं नाही. बरं, सूर्य डोक्यावर आला म्हणजे ऊन संपलं असंही नाही. जमीन तापत राहते आणि खरी झळ लागते अडीच-तीनच्या सुमाराला. नेमक्या त्याच वेळी भाच्यानं मला दुसरा 'फोकस' दिला होता. त्या वेळी आमच्याकडे कुत्रंसुद्धा नाल्यावरच्या पुलाखालून बाहेर येत नाही.

चरकाचार्यांनी दिवसा झोपू नये म्हणून सांगितलं, पण ग्रीष्मात मुभा दिली. ती मुभा आम्ही मनापासून पाळतो. पुण्यात दुकानं एक ते चार बंद ठेवण्यावरून किती विनोद झाले! वऱ्हाडात मे महिन्यात तशी पाटी लावावी लागत नाही, रस्ताच पाटी असतो.

पण एक गोष्ट मात्र भाच्यामुळे सापडली. त्याचं ते फोकस-ब्रेकचं, म्हणजे २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांतीचं तंत्र फ्रान्चेस्को सिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याचं आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी त्यानं स्वयंपाकघरातलं टमाटरच्या आकाराचं टायमर घेऊन ते सुरू केलं. आणि पॉवर नॅपचं म्हणाल तर, नासानं लांब पल्ल्याच्या वैमानिकांना ४० मिनिटं विश्रांती देऊन पाहिली, तेव्हा ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि ताजेतवाने झाले. पंचवीस, सव्वीस. आणि आपली घटका किती? दिवसाच्या ६० घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. पाण्यावर तळाला भोक असलेली वाटी सोडायची, ती भरून बुडाली की घटका झाली. लग्नाचा मुहूर्त त्यावर काढत. आमची आजी जेवण झाल्यावर "घटकाभर पडते" म्हणायची आणि खरोखर तेवढंच पडायची. तिला ना नासा माहीत होती, ना टमाटर.

आम्ही 'घटकाभर' हा शब्द ठेवला आणि वाटी फेकून दिली. म्हणून घटकाभर पडलेला माणूस साडेचारला उठतो. शासनानंही आपल्या कर्मचाऱ्यांना १ ते २ च्या दरम्यान जास्तीत जास्त अर्धा तास जेवायला दिलेला आहे. तोही असाच घटकाभराचा असावा. "साहेब जेवायला गेले" हे मी एका कार्यालयात पावणेचारला ऐकलं आहे.

तर मी आठ गजर काढले. एक ठेवला, १ वाजून २४ मिनिटांचा. फोन उशाशी न ठेवता स्वयंपाकघरात, कुकरशेजारी ठेवतो. तो बंद करायचा अधिकार माझ्याकडे नाही आणि सौभाग्यवती तो सहजासहजी बंद करत नाहीत. लिखाण पहाटे पाचला हलवलं आहे. शेजारी तेव्हा ओलित करून परतत असतात, ते फाटकापाशी थांबून चहा घेतात आणि मग झोपायला जातात. हा मजकूरही तेव्हाच लिहिला आहे.

मृग लागेपर्यंत ज्यांचं माझ्याकडे काम असेल त्यांनी उन्हं उतरल्यावर यावं. शेजाऱ्यांकडे मात्र दुपारी मुळीच जाऊ नये, या आठवड्यात त्यांची लाईन रात्रीची आहे.