आधी घरपट्टी, मग नळ?

उद्योग येत नाहीत, कारण शहराची हद्द अपुरी पडते. नांदेड-लातूरमध्ये हा युक्तिवाद अधूनमधून डोकं वर काढतो. उपायही ठरलेला: शेजारची गावं शहरात घ्या.

कारखानदार जागा बघायला येतो, तेव्हा आधी काय विचारतो? हद्द की पाणी?

लातूरची महापालिका झाली २०११ मध्ये. २०१६ च्या एप्रिलमध्ये याच महापालिकेच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेत पाच लाख लिटर. मांजरा धरण आटलं होतं. तेव्हा हद्द दुप्पट असती तर तहानलेली माणसं वाढली असती, पाणी नाही.

आता हरंगुळचा रेल्वे कोच कारखाना बघा. भूमिपूजन ३१ मार्च २०१८ ला. पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला २५ डिसेंबर २०२० ला. पुढे २०२३ मध्ये १२० वंदे भारत गाड्यांचं कंत्राट झालं, त्याचं काम इथेच ठरलं. एवढ्या मोठ्या कारखान्यासाठी किती गावं महापालिकेत घ्यावी लागली?

एकही नाही. जमीन एमआयडीसीची होती.

उद्योगांना जमीन देणारी ही यंत्रणा १९६२ पासून राज्यात आहे. महापालिकेचं काम वेगळं: घरपट्टी, परवाने, रस्ते, नळ, गटारं. त्यातली घरपट्टी तेवढी वेळेवर येते.

नांदेडने तर हा प्रयोग केलेला आहे. १९९७ मध्ये नांदेड आणि वाघाळा मिळून महापालिका झाली. शहर मोठं झालं, पण ज्या टेक्स्टाईल मिलच्या भोंग्यावर इथले संसार चालले, ती मिल बंदच पडली. अगदी शहराच्या पोटात असूनसुद्धा. हद्दीत असणं कारखान्याला तारत नाही, हे नांदेडकरांना आणखी कुणी समजवायचं?

आणि कृष्णूर? नायगाव तालुक्यातली पंचतारांकित एमआयडीसी. तिथले रिकामे प्लॉट आधी भरा, मग नव्या जमिनीवर बोट ठेवा. मुदतीत बांधकाम न करणाऱ्याकडून प्लॉट परत घ्यायचा अधिकार एमआयडीसीला आहे. तो वापरायला कुणी हात धरलाय?

पिंपरी-चिंचवडचा दाखला हमखास दिला जातो. तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली १९५० च्या दशकात. मग एमआयडीसी, मग मोठमोठे कारखाने. नगरपालिका झाली १९७० मध्ये. आधी भोंगा वाजला, मग पाटी लागली. आपण पाटीच आधी लावायला निघालोय.

हद्दवाढ मुळातच नको, असं माझं म्हणणं नाही. नांदेडला लागून वाडी बुद्रुक, लातूरला लागून पाखरसांगवी. शहराची वस्ती तिथवर पोचलीच आहे. एवढ्या घरांचं ड्रेनेज ग्रामपंचायतीच्या कुवतीबाहेरचं असतं. तिथल्या माणसांना नळ हवा, पक्का रस्ता हवा, म्हणून त्यांना शहरात घ्या. पण तसं सांगून घ्या. उद्योगाचं नाव पुढे करून कशाला?

कारण उद्योगाचं नाव घेतलं की प्लॉटिंगवाले जागे होतात. हद्दवाढीची नुसती कुणकुण लागली तरी बांधावर बोर्ड उभे राहतात. शेतकरी घाईने सातबारा सोडतो, आणि वाढलेला भाव दुसऱ्याच्याच खिशात जातो.

गावाचं काय जातं? ग्रामसभा जाते. रोजगार हमीचं काम जातं. सरपंचाला रस्त्यात अडवून जाब विचारायची सोय जाते.

बदल्यात काय मिळतं? पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीला विचारा. शहराचा कचरा वर्षानुवर्षं सोसलेली ही गावं २०१७ मध्ये महापालिकेत गेली. काही वर्षांतच ती बाहेर पडली, त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. कराच्या ओझ्याची तक्रार होती, सोयींची वाट बघणं होतं.

महापालिका कायद्यात एक गोष्ट चोख आहे. नव्याने आलेल्या गावांचा मालमत्ता कर कसा टप्प्याटप्प्याने वाढवायचा, ते कलमात लिहून ठेवलंय. नळ कुठल्या वर्षी, गटार कुठल्या वर्षी, याचे टप्पे कुठे आहेत?

हद्द बदलण्याआधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. नांदेड-लातूरभोवतीच्या गावांनी तेव्हा गप्प बसू नये. पाणी कुठल्या धरणातून, किती, कुठल्या वर्षी, हे लेखी मागावं. आणि ते मिळेपर्यंत घरपट्टी ग्रामपंचायतीच्याच दराने, हेही त्याच कागदावर.